हिची धाव, माझं मार्गदर्शन

२ सप्टेंबर, सोमवार

निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार. निरोपसमारंभात मिळालेली ही डायरी आजपासून वापरात घेत आहे.

बत्तीस वर्षं मी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. आता तिथे यंत्र बोलतं. यंत्राने माझी जागा घेतली याचं मला काही वाटत नाही. पण ते 'गाडी लागली आहे' असं म्हणतं की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडीला ठेच लागली आहे.

सकाळी हिला सोबत केली. ही रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, रोज साठसत्तर जणांच्या दंडात सुई खुपसते. हिने डबा भरला, केस विंचरले, चपला शोधल्या. तेवढा वेळ मी शेजारी उभा राहून बोलत होतो. इतकी वर्षं माझी सकाळची पाळी असल्यामुळे हे सुख आम्हाला मिळालंच नव्हतं. दारात ही म्हणाली, "तुम्ही आता रोज असे घरी?"

"रोज!" मी म्हणालो.

तिला भरून आलं असावं. पाण्याची बाटली विसरून गेली.

११ सप्टेंबर, बुधवार

स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी हिला मीठ सापडेना. मी हॉलमधून सांगत होतो, "दुसरी रांग, डावीकडून चौथा. चौथा! तो पाचवा झाला." ही गॅस बंद करून गच्चीत जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघरात हवा खेळत नाही हे खरं. पंखा बसवायला हवा.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज हिने जाहीर केलं की उद्यापासून ती सकाळी सहाला पळायला जाणार. समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यबाई पळतात, त्यांचा एक गटही आहे, त्यांनी हिला कसं सुरू करायचं ते सांगितलंय. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, वीस मिनिटांत घरी.

हिचं वय चोपन्न. बस पकडण्यापलीकडे ही कधी पळालेली मी पाहिलेली नाही.

"मी येऊ सोबतीला?"

"नको."

इतक्या पटकन म्हणाली की तिच्या मनातला संकोच मला लगेच कळला. मला त्रास नको म्हणून बिचारी नको म्हणते.

७ ऑक्टोबर, सोमवार

दोन आठवडे ही एकटी जाते आहे. परत येते तेव्हा चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि वर कसलंतरी समाधान. पण मार्गदर्शनाशिवाय हे फार दिवस टिकायचं नाही. माणूस सुरुवात करतो आणि महिन्याभरात बूट पलंगाखाली जातात. वाचनालयातून पळण्यावरचं एक जाड पुस्तक आणलं. निम्मं वाचून झालं. बाकीचं अनुभवाने येईलच.

माळ्यावरची सायकल उतरवून पुसली, हवा भरली, एक शिट्टी आणली. उद्या हिला सुखद धक्का देणार.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दिला. मला सायकलवर पाहून ही जागच्या जागी थांबली. "अहो, हे काय?"

"तू पळ. बाकी माझ्यावर सोड."

एक मिनिट झालं की शिट्टी मारून मी "चाला!" म्हणायचो, दोन मिनिटांनी "धावा!" आवाजाला अजून धार आहे. एक अनोळखी आजोबा माझ्या शिट्टीवर दोनदा धावले आणि मग माझ्याशी भांडले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मोठी प्रगती! आज ही सलग पंधरा मिनिटं पळाली. मी मागून सायकलवर तिला स्थानकातल्या जुन्या गमती सांगत होतो. गंमत जसजशी रंगात येई तसतसा हिचा वेग वाढे. चुकीच्या गाडीत बसलेल्या नवरदेवाची हकिकत सुरू केली तेव्हा तर ही अक्षरशः सुटलीच.

नोंद: गोष्टींचा वेगावर उत्तम परिणाम होतो. पुस्तकात हे कुठेच दिलेलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

हिने स्वतःहून मार्ग बदललाय. आता रस्ता सोडून कालव्याकडे उतरते. खाली जायला बावीस पायऱ्या आहेत आणि पुढची वाट इतकी अरुंद की सायकलचं हॅंडल दोन्हीकडच्या झुडपांत अडकतं. मऊ मातीवर पळणं गुडघ्यांना बरं असं पुस्तकात पान सत्त्याऐंशीवर आहे. ते हिला न वाचता सुचलं. मी सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. पोहोचेपर्यंत ही ठिपक्याएवढी झाली होती. मी ओरडून कौतुक केलं. ठिपका आणखी लहान झाला.

आज सात किलोमीटर. सात! दंतवैद्यबाईंना त्यांच्या जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, आठवड्यातले बाकीचे दिवस तिला सावकाश पळू द्या. बोलत बोलत पळता येईल इतकं सावकाश."

"बोलायची काळजीच नको," मी म्हणालो. "ती बाजू मी पूर्ण सांभाळतो."

बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दातांच्या डॉक्टरांना लोकांच्या तोंडाकडे बघायची सवयच असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

मार्चच्या दोन तारखेला शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. मी हिच्या नावाने अर्ज भरून टाकला. हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य प्रसंग साधायचा आहे.

'मार्गदर्शक' या रकान्यात माझं नाव घातलं. तसा रकाना नव्हता, मी आखला.

८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रविवारी दंतवैद्यबाईंचा वीसेक जणांचा गट मैदानाभोवती पळतो. ही दोन आठवड्यांपासून त्यांच्यात जाते. मी जुन्या सहकाऱ्याकडून हातातला भोंगा मागून आणला होता. वीस माणसांत नुसत्या आवाजाने भागत नाही. सगळे तिसऱ्या फेरीला असताना मी भोंगा तोंडाला लावला आणि नेहमीच्या स्वरात म्हणालो, "कृपया लक्ष द्या. पांढरी टोपी, वय चोपन्न, मागच्या रविवारपेक्षा चाळीस सेकंद उशिराने धावत आहेत. त्या मार्च महिन्यात एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार आहेत. त्यांचा अर्ज भरण्यात आला आहे."

लोक हसले, टाळ्याही वाजल्या. मला वाटलं, प्रसंग साधला.

ही थांबली. टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि मैदानाच्या फाटकातून चालत बाहेर गेली. दंतवैद्यबाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तो भोंगा खाली ठेवा आता."

मागच्या रविवारपेक्षा चाळीस सेकंद उशीर झाला होता हे खरंच होतं. तरी आतून काहीतरी टोचतंय.

९ डिसेंबर, सोमवार

"मी पळणं सोडलं," ही म्हणाली. एवढंच.

१५ डिसेंबर, रविवार

पळणं सोडलं म्हणते, पण रोज सहाला बूट घालून बाहेर पडते आणि तासाने परत येते. ना घाम, ना चेहरा लाल. आज न राहवून मागे गेलो, चालत. ही कालव्याच्या पायऱ्या उतरून खालच्या बाकावर बसली होती. हातात काही नाही. पाण्याकडे बघत होती.

मी शेजारी जाऊन बसलो. "पाय दुखतोय का?"

"नाही."

"मग निराश झालीस. असं होतं. पुस्तकात याला अख्खं प्रकरण दिलंय. मन खचलं की आधी काय करायचं—"

"अहो."

"—तर छोटं ध्येय ठरवायचं—"

"अहो, मी इथे बसायला येते."

"कशासाठी?"

"इथे कोणी बोलत नाही म्हणून."

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच कोणी नव्हतं.

मग ही बोलली. आवाज न चढवता, रिपोर्ट वाचून दाखवावा तशी. "सकाळी डोळे उघडायच्या आत तुम्ही सुरू होता. लॅबमध्ये दिवसभर फोन, रडणारी मुलं, रिपोर्ट कधी मिळणार म्हणून भांडणारी माणसं. संध्याकाळी दार उघडलं की तुम्ही दारातच उभे. मी पळायला लागले ती काही पळायची हौस होती म्हणून नाही. मला एक तास हवा होता. एकच तास. त्याच्याही मागे तुम्ही सायकल लावलीत."

"पण तुझा वेग माझ्यामुळे वाढला, हे तर मान्य करशील?"

"तुमच्यामुळेच वाढला. तुमच्यापासून लांब जायचं म्हणूनच तर पळत होते, वेग वाढणारच!"

आम्ही घरी आलो, वेगवेगळे.

१६ डिसेंबर, सोमवार

बोललो नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

बोललो नाही. दूध टाकायला आलेल्याशी मात्र पंधरा मिनिटं बोललो. तो म्हणाला, त्याला अजून चाळीस घरं आहेत.

१८ डिसेंबर, बुधवार

हिने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी मान हलवली. रात्री मुलीचा फोन आला, हिने स्पीकरवर लावला. ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. "बाबा, पाच मिनिटं झाली, तुम्ही अजून फोन मागून घेतला नाहीत. आई, बाबांना ताप आहे का?"

तीन दिवस गप्प राहून माणसाला किती ऐकू येतं! आमचा फ्रिज दर वीस मिनिटांनी कुरकुरतो. ही भांडी विसळताना गुणगुणते. कधीपासून गुणगुणते कोण जाणे.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज निवृत्तीनंतर पहिल्यांदा स्थानकावर गेलो. प्रवाशांच्या बाकावर बसलो. यंत्र पुकारत होतं. शेजारी एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, "काय म्हणाली हो ती? कुठला फलाट?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तिला परत विचारता येत नाही ना. ती बोलते नुसती, ऐकत नाही."

मी तिला गाडीत बसवून दिलं आणि परत बाकावर येऊन बसलो. माझी काचेची खोली समोरच होती, आत खोकी रचून ठेवलीत. बत्तीस वर्षं मी तिथून बोललो. एकानेही मला उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, सगळं नीट समजलं म्हणून देत नाहीत. मध्ये काच होती, हे कधी ध्यानातच आलं नाही.



२१ डिसेंबर, शनिवार

चहा घेताना हिला म्हणालो, "अर्ज मी रद्द करतो. चुकलं माझं."

"रद्द नका करू," ही म्हणाली. "पळणार आहे मी. सवय लागली आता, करता काय? पण एकटी."

"एकटी," मी म्हणालो.

"शिट्टी?"

आणून दिली. हिने ती टेबलाच्या खणात ठेवून खण बंद केला. मग म्हणाली, "आणि घरात बोला हो थोडं. तुम्ही असे मूग गिळून बसलात की मला घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं. थोडं, म्हणजे थोडंच."

थोडं म्हणजे किती हे विचारणार होतो. विचारलं नाही. याला मी प्रगती म्हणतो.

१२ जानेवारी, रविवार

हिने चौदा किलोमीटर केले. हे मला विचारल्यावर कळलं, आणि विचारलं मी फक्त एकदा. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. दंतवैद्यबाई म्हणाल्या, बूट अर्धा नंबर मोठे हवेत. लांब पळताना पाय सुजतात. जाऊन नवे आणले. दुकानदाराशी फक्त कामापुरतं बोललो. त्याने दोनदा विचारलं, आणखी काही हवंय का.

३१ जानेवारी, शुक्रवार

दंतवैद्यबाईंनी मला शर्यतीत काम दिलं! सतराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल, त्यावर मी. अट एकच: तोंडातून फक्त 'पाणी' हा शब्द निघायला हवा. दुसरं काहीही नाही. "जमेल का काका?"

"जमेल," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य गिळलं. बाईंनी ते घशातून खाली जाताना पाहिलं असावं.

पळणाऱ्याला पेला देणं सोपं नाही. हात लांब करून, पेला तळाशी बोटांच्या टोकांवर धरायचा, म्हणजे त्याला वरून उचलता येतो. गॅलरीत सराव सुरू केला. हिला तिथून पळत जायला सांगितलं. चौथ्या पेल्याला जमलं. पहिले तीन खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

शर्यतीआधीचा शेवटचा आठवडा. आता पळणं कमी, झोप जास्त. आज फक्त आठ किलोमीटर. ही काल म्हणाली, "भीती वाटते हो. अठराच्या पुढे मी कधी गेलेच नाही."

या विषयावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. माझ्या डोळ्यांसमोर पानं उलटत होती. मी म्हणालो, "वाटणारच." आणि गप्प बसलो. ही उठून झोपायला गेली.

२ मार्च, रविवार

हात भरून आलाय, अक्षर वाईट येईल.

पहाटे साडेपाचला शर्यत सुटली. सव्वातीन तासांनी अंतिम रेषा बंद, मग पोहोचून उपयोग नाही. मी साडेसहापासून टेबलावर. एकूण सहाशे चाळीस पेले दिले. "पाणी. पाणी. पाणी." एका तरुणाने विचारलं, "काका, पुढे चढ आहे का?" चढ होता, मला त्या चढाचा इतिहास माहीत होता. मी म्हणालो, "पाणी."

आठ वाजून गेले तरी हिचा पत्ता नाही. आठ वाजून तीन मिनिटांनी वळणावर पांढरी टोपी दिसली. ही पळत नव्हती. चालत होती, डावा पाय ओढत. माझ्यापाशी आली, पेला घेतला आणि थांबली. टेबलाला दोन्ही हात टेकले. ओठ पांढरे पडले होते.

मी म्हणालो, "पाणी."

"प्यायले," ही म्हणाली. "अहो, पोटऱ्या दगड झाल्यात. आता नाही होत. इथेच बसते मी."

मी आणखी एक पेला पुढे केला.

"अहो, बोला ना काहीतरी!"

मी दंतवैद्यबाईंना शब्द दिला होता. हिला दिला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला काही सुचतच नव्हतं. बत्तीस वर्षांत ज्या तोंडाला कधी खळ पडली नाही, ते उघडं राहिलं आणि आतून काही येईना. शेवटी जे बाहेर पडलं ते हे:

"निघताना दूध गॅसवर ठेवलं होतं. बंद केलं की नाही, आठवत नाही."

हिने डोळे मोठे केले. मग हसायला लागली. टेबलावर वाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रडत होती की हसत होती ते सांगता येणार नाही. "तुम्ही मला एकवीस किलोमीटर काय पळवणार," म्हणाली, "तुम्हाला एक पातेलं सांभाळता येत नाही!" आणि निघाली. आधी चालत, मग दहा पावलं पळत, मग परत चालत, मग पळतच.

मीही टेबल सोडून तिच्या बाजूने पळालो, हातात भरलेले दोन पेले घेऊन. दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत. तिथे माझ्या छातीत भाता फुटल्यासारखं झालं आणि मी पदपथावर बसलो. पेल्यांत पाणी उरलं नव्हतं, सगळं माझ्या शर्टावर होतं. ही मागे न बघता हात हलवून पुढे गेली.

तीन तास अकरा मिनिटं! अंतिम रेषा बंद व्हायला चार मिनिटं उरलेली असताना पोहोचली. हे मला दंतवैद्यबाईंनी फोनवर सांगितलं. मी तोवर टेबलावर परतलो होतो. अजून लोक येत होते.

गॅस बंद होता. दूध मी ठेवलंच नव्हतं.

५ मार्च, बुधवार

ही जिना उलटा उतरते. पोटऱ्या सुलटं उतरू देत नाहीत. लॅबमध्ये आज सगळ्यांचं रक्त बसूनच काढलं म्हणे.

१६ मार्च, रविवार

सकाळी हिने स्वतःहून विचारलं, "येताय? सायकल न घेता."

जुने बूट शोधून घातले. सूत्र तेच, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. शिट्टी नाही, ही घड्याळात बघून सांगत होती. पहिल्याच मिनिटाला कळलं की पळणाऱ्याला बोलता येत नाही. मला, म्हणजे. माझा वेग हिच्यासाठी इतका सोपा होता की ही आरामात बोलत होती.

आणि बोलत राहिली. म्हणाली, मी निवृत्त झालो त्या दिवशी ती लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आनंदाने, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा गेली. "भीतीने," ही म्हणाली. पुढे म्हणाली, लॅबची नवी शाखा निघते आहे. तिथली मुख्य म्हणून तिला ऑगस्टपासून विचारताहेत. घरापासून लांब आहे, जबाबदारी मोठी, संध्याकाळी उशीर होईल. सात महिने ती तेच मनात घोळवत होती. "तुम्हाला सांगायला कधी फटच सापडली नाही," म्हणाली. "परवा हो म्हणून आले. एक तारखेपासून. विचारत नाहीये, सांगतेय."

मला यावर बरंच बोलायचं होतं. निदान सहा मुद्दे होते. पण घशाला कोरड पडली होती, बरगड्यांत कळ आली होती आणि डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. मी थांबून गुडघ्यांवर हात टेकले. हीसुद्धा थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. उत्तराची वाट बघत होती. बहुतेक सहाही मुद्द्यांची.

चौथ्या श्वासाला माझ्या तोंडातून एकच शब्द निघाला.

"पुढे?"

आणि ही पुढे सांगायला लागली.